एकांताची पाणीपाळी

बीड, आंबाजोगाई, परळी, गेवराई, माजलगाव, कुठेही कविसंमेलन असो, ते संपल्यावर चहाच्या टपरीवर ठरलेले काही प्रश्न निघतात. घरात दोनच खोल्या आहेत, लिहायचे कुठे? लग्न झाले की कविता आटते का? नोकरी सोडून पूर्णवेळ लिहावे का? जिच्यावर कविता लिहिली तिला न विचारता ती छापली तर चालते का? प्रश्न चार दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच पेच आहे. कवीला एकांत लागतो आणि माणसांचे प्रेमही लागते. मग ही दोन्ही एका छपराखाली कशी नांदवायची? नव्याने लिहू लागलेले बहुतेकजण यातले एक निवडतात आणि दुसऱ्यावर पाणी सोडतात. तशी निवड करायची गरज नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे.

एकांत ही आपल्या नावावरची विहीर आहे, असे समजले की घरातली भांडणे सुरू होतात. त्याला कालव्याची पाणीपाळी समजा. कालव्याच्या टोकाला ज्याचे रान आहे, त्याला हा हिशेब सांगावा लागत नाही. पाणी येते ते ठरल्या वेळी आणि वेळेपुरते. त्याआधी ते एका शेतकऱ्याकडे असते, नंतर दुसऱ्याकडे जाते. आपली पाळी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठून दारे धरावी लागतात, आणि दुसऱ्याच्या पाळीत आपण दार फोडत नाही. कवीचा एकांत असाच वाटून घ्यायचा असतो. तो मागावा लागतो, पाळावा लागतो आणि वेळ झाली की सोडावाही लागतो.

थोर कवी घर सोडतात, या समजुतीचे काय करायचे?

यावर पहिला आक्षेप आपल्याच बीड जिल्ह्यातून येतो. संतकवी दासोपंतांनी घर सोडले होते ना? परंपरा तसेच सांगते. 1551 साली जन्मलेले दासोपंत बिदरच्या बरीदशाहीतल्या देशपांड्यांच्या घरातले. तरुणपणी ते घरातून निघाले, माहूरला बारा वर्षे दत्ताची उपासना केली, मग गेवराई तालुक्यात गोदाकाठच्या राक्षसभुवनला आले आणि शेवटी आंबाजोगाईत स्थिरावले. नव्या कवीला या चरित्रातली बारा वर्षे तेवढी दिसतात. ‘गीतार्णव’ हा गीतेवरचा प्रचंड ग्रंथ, ज्याची ओवीसंख्या परंपरा सव्वा लाख सांगते, आणि पंचीकरणाचा विषय मांडणारी, सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेली ‘पासोडी’, हे काम जोडले जाते ते आंबाजोगाईशी. म्हणजे ते रानावनात झालेले नाही. ते नांदत्या गावात झाले, स्थानिक देशपांड्यांचा आश्रय होता तिथे झाले, आणि परंपरेनुसार घरची माणसे पुन्हा जवळ आल्यावर झाले. चाळीस फुटांचे कापड पसरायला आधी छप्पर लागते. कुणीतरी ते विणलेले असते, शाई घोटलेली असते, वेळेवर ताट वाढलेले असते. दासोपंतांच्या चरित्रातून घर सोडण्याचा धडा घेणाऱ्याने हा सगळा भाग वाचलेलाच नसतो.

कवी मुकुंदराजांचे उदाहरणही दिले जाते. त्यांच्या ‘विवेकसिंधु’ या ग्रंथाचा काळ शके 1110, म्हणजे 1188, मानला जातो आणि समाधी आंबाजोगाईच्या डोंगरकुशीत दाखवली जाते. पण त्यांचे गाव कोणते, आंबाजोगाई की विदर्भातले आंभोरा, यावरच अभ्यासकांचे एकमत नाही. ज्यांच्या राहत्या ठिकाणाचा वाद मिटलेला नाही, त्यांच्या दिनक्रमावरून आपण आपला संसार मोडायचा, हे काही शहाणपणाचे नाही.

परदेशातला दाखला हवा असेल तर कवी रिल्के पाहा. लष्करी विद्यालयातल्या एका तरुणाला त्याने 1903 ते 1908 या काळात दहा पत्रे लिहिली. एकांत हीच कवीची भूमी आहे आणि प्रेम म्हणजे दोन एकांतांनी एकमेकांची राखण करणे, हा त्यांतला विचार जगभरच्या कवींनी डोक्यावर घेतला. विचार सुंदर आहे, मोलाचाही आहे. पण याच रिल्केने 1901 साली क्लारा वेस्टहॉफ या शिल्पकार बाईशी लग्न केले, लवकरच दोघे वेगळे राहू लागले आणि मुलगी रूथ बरीचशी आजी-आजोबांकडे वाढली. राखण करायची होती ती दोघांनी, प्रत्यक्षात ती तिसऱ्यांच्या गळ्यात पडली. यामुळे रिल्के कवी म्हणून लहान होत नाही. मात्र त्याचा एकांत फुकट नव्हता आणि त्याचे बिल त्याने एकट्याने भरलेले नाही, एवढे लक्षात ठेवून ती पत्रे वाचावीत.

खोली नसेल तर वेळ शोधा

व्हर्जिनिया वुल्फने 1929 साली लिहिले की, लिहिणाऱ्या बाईला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. मागणी रास्तच होती. पण ती पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली असती तर मराठीत बायकांची कविता उगवलीच नसती. आपल्याकडे बायकांनी खोलीऐवजी वेळ शोधला. पहाटे घर झोपलेले, हात जात्याच्या खुंट्याला, मन मोकळे. समोर दुसरी बाई बसलेली असली तरी ती वेळ आपली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्या प्रकल्पात 1996 साली माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. तिथे कुणाकडे लिहायचे टेबल नव्हते. खानदेशच्या बहिणाबाईंना तर अक्षरओळखही नव्हती. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली आणि ती पुस्तकरूपाने आली 1952 साली, त्या गेल्यानंतर. त्यांचा एकांत शेतात आणि चुलीपुढे होता. तो टिकला, कारण घरातले दुसरे कुणीतरी कान देऊन ऐकत होते.

इथे कुणी म्हणेल की हे गरिबीचे कौतुक झाले. तसे नको. जात्यावरच्या बाईला निवड नव्हती आणि तिच्या थकव्याचे सोने करू नये. मुद्दा एवढाच की, खोली नसणे ही कविता न लिहिण्याची सबब होऊ शकत नाही, आणि खोली असणे ही हमी नाही.

दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी कथा आहे. खरी असो वा रचलेली, तिच्यात हिशेब आहे. एवढा मजकूर अधूनमधून उसळणाऱ्या लहरीवर तयार होत नाही, तो रोजच्या बैठकीतून होतो. आपला ढब्बू आपण ठरवावा. त्यासाठी पुढचा क्रम उपयोगी पडेल:

- आठवडाभर फक्त नोंद ठेवा की घर कधी शांत असते आणि आपण कधी ताजे असतो. या दोन्ही वेळा जिथे जुळतात ती आपली पाळी. बहुतेकांची पहाटे साडेचार ते सहा किंवा रात्री दहानंतर निघते.
- सुरुवातीला अर्ध्या तासापेक्षा जास्त मागू नका. दोन तास ठरवून तीनदा मोडण्यापेक्षा अर्धा तास महिनाभर टिकवणे अवघड आहे, आणि तेच करायचे आहे.
- मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी खोलीच नसेल तर बंद करून डब्यात ठेवा.
- घरात अजिबात जमत नसेल तर गावचे सार्वजनिक वाचनालय पाहा. बीड शहरात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत, तिथे महिन्याच्या शुल्कात जागा मिळते. तिथली शांतता थोडी धास्तावलेली असते, पण चालते.
- कपिलधारच्या किंवा सौताड्याच्या धबधब्याला गेल्यावरच कविता सुचते, अशी सवय लावून घेऊ नका. धबधबा पावसाळ्यापुरता असतो.

नोकरी सोडावी का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांसाठी स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. मराठीत कवितासंग्रहाच्या मानधनावर घर चालत नाही. उत्पन्न थांबले की एकांताच्या जागी काळजी येऊन बसते. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शिपाई म्हणून काम केले, मग शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 साली आला तो या सगळ्यातून वाट काढत.

घरात बोलणी कशी करावीत

पाळी ठरवताना सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. कवी घरात काही बोलत नाही, नुसता चिडचिड करतो आणि ‘मला कुणी समजून घेत नाही’ अशी कविता लिहितो. घरच्यांना ती कविता कळते, चिडचिडीचे कारण कळत नाही. त्याऐवजी स्पष्ट बोला. किती वेळ हवा, कोणता हवा आणि त्या बदल्यात आपण घरातले कोणते काम उचलणार, हे एकाच वाक्यात सांगा. ‘पहाटे पाच ते पावणेसहा मी लिहीन, पाणी भरणे आणि मुलांचे डबे माझ्याकडे’ हे बोलणे झाले. ‘मला थोडी स्पेस द्या’ हे नव्हे. आणि पाळी म्हटली की ती दोघांची असते. पत्नीला गाणे, वाचन, भिशी, माहेरच्यांशी निवांत फोन, जे काही हवे असेल त्यासाठी तितकाच वेळ तिला मिळाला पाहिजे, आणि त्या वेळेत मूल रडले तर उठायचे आपण. पुरुष कवींना हा भाग ऐकायला आवडत नाही, म्हणून तो ठळक अक्षरांत छापायला हवा होता.

प्रेम कवितेच्या आड येते, असे मानणाऱ्यांनी इंदिरा संत यांच्याकडे पाहावे. त्यांची आणि पती ना. मा. संत यांची कविता ‘सहवास’ या एकाच संग्रहात आली. 1946 साली पतीचे निधन झाले. त्यानंतर बेळगावात नोकरी आणि तीन मुलांचा संसार सांभाळत ‘शेला’ 1951 साली आणि ‘मेंदी’ 1955 साली आले. लादलेल्या एकटेपणाने त्यांना कवी केले, असे सोपे निदान काहीजण करतात. ते तारखांशी जुळत नाही, कारण कविता सहवासातच सुरू झाली होती. पुढच्या काळात तिला धार आली ती त्या सहवासाची आठवण मुरलेली असल्यामुळे. ज्याने कधी जीव लावलाच नाही, त्याच्या एकांतात मुरायला काही नसते.

एकटेपणाला एकांत समजू नका

एकांतातून उठल्यावर माणसांत जावेसे वाटते. एकटेपणातून उठावेसेच वाटत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण नकोसे झाले असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर त्याला कवीचे दुःख म्हणून जोपासू नका. दुःखाशिवाय कविता नाही, हा आक्षेप इथे घेतला जातो. दुःख पुरवायला आयुष्य समर्थ आहे, त्यासाठी औषध टाळावे लागत नाही. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर विनाशुल्क, चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि आंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जवळची ठिकाणे आहेत.

जिच्यावर किंवा ज्याच्यावर लिहिले, त्या माणसाचा हक्क

प्रेमकविता लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. ती कुणापुढे ठेवायची, याचा मात्र विचार करावा लागतो. गाव लहान असते, ‘निळी ओढणी’ आणि ‘एसटीचा थांबा’ एवढ्यावर लोक नाव ओळखतात आणि त्याची झळ बहुधा मुलीलाच बसते. कविता जगवायची असेल तर ओळख पटवणारे तपशील बदला. थांब्याऐवजी घाट आला म्हणून भावना खोटी होत नाही. सध्याच्या जोडीदाराबद्दलची कविता छापण्याआधी वाचून दाखवा. नकार आला तर ती वहीत राहू द्या. घरातला विश्वास हाच आपल्या पाळीचा कालवा आहे, आणि एका कवितेसाठी तो फोडणे परवडत नाही.

कायद्याचे दोन मुद्दे पक्के लक्षात ठेवा. पहिला: पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. जुन्या पत्रांतल्या किंवा संदेशांतल्या ओळी आपल्या कवितेत उचलून घालायच्या असतील तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. दुसरा: एखाद्या स्त्रीने नको म्हणून स्पष्ट सांगितल्यावरही तिला पुन्हा पुन्हा कविता पाठवत राहणे म्हणजे प्रेम नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार तो पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. छंदात लिहिले म्हणून सूट नाही.

कविता बाहेर पाठवताना

पहिल्या वर्षात कविता एक-दोन नेमक्या वाचकांनाच दाखवा. पन्नासजणांच्या गटात टाकलेल्या कवितेला अंगठे मिळतात, वाचन मिळत नाही. मग नियतकालिकांकडे वळा. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी 1985 साली सुरू केलेले ‘कविता-रती’ खास कवितेसाठीचे, आणि मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ आपल्या विभागाचे. आधी दोन-तीन अंक वाचा, मग पाठवा. नकाराचे पत्र येईलच असे नाही, बहुधा काहीच येत नाही, त्याचा राग धरू नका.

हक्कांविषयीचे सततचे प्रश्न असे सोडवता येतात:

- कविता लिहिली त्या क्षणी स्वामित्वहक्क आपला होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते. एका साहित्यकृतीसाठी शुल्क 500 रुपये आहे. हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो.
- टोपणनावाने छापले तरी हक्क जात नाही. संपादकाला खरे नाव लेखी कळवून ठेवा. ज्यांची वही घरात चोरून वाचली जाते, त्या मुलींसाठी हा मार्ग खुला आहे.
- हक्क दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखी आणि सहीचा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ असे छापलेल्या कागदावर सही करू नका.
- गाण्याच्या ध्वनिमुद्रणात किंवा चित्रपटात कविता घेतली गेली तर 2012 च्या दुरुस्तीनुसार मानधनातला आपला पुढचा वाटा सोडून देता येत नाही, कुणी लिहून घेतले तरी.
- आपले नाव काढून कविता फिरवली किंवा मोडतोड केली, तर हक्क विकलेला असला तरी कवीला दाद मागता येते.
- आईच्या किंवा आजीच्या ओव्या उतरवून घेत असाल तर कवयित्री म्हणून नाव तिचेच घाला. आपण लेखनिक.

पहिल्या संग्रहाची घाई हा सर्वात महागडा खड्डा आहे. पैसे भरून तीनशे प्रती काढायच्या आणि दोनशे ऐंशी कपाटात ठेवायच्या, हे बऱ्याच घरांत घडते. कित्येकदा ते पैसे बायकोच्या बचतीतले असतात. आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे, आणि अर्ज मागवल्याची जाहिरात वर्तमानपत्रांत येते. स्वतः छापणार असाल तर प्रतींची संख्या, कागद, वितरण कोण करणार आणि उरलेल्या प्रती कुणाच्या, हे लिहून घ्या. आयएसबीएन क्रमांक शासकीय यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो, त्याचे वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. प्रवेशशुल्क भरायला लावणाऱ्या ‘राज्यस्तरीय’ पुरस्कारांपासून चार हात लांब राहा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कवितासंग्रहासाठी बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे, तिथे पाठवावे.

हंगामावर जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली लाखो माणसे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. त्यांच्यातही लिहिणारे आहेत, आणि वरचा सल्ला त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, पहाट फडात जाते, रात्र अंग टेकण्यात. तिथे पाळी सापडते ती गाडी भरून गेल्यावर दुसरीची वाट पाहताना, किंवा बैलगाडीवर कारखान्याच्या रांगेत. त्या वेळेत वही काढणे जमत नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवा. आधी तारीख आणि ठिकाण बोला, मग ओळी, म्हणजे पुढे कविता कोणाची आणि कधीची याचा पुरावा राहतो. आठवड्यातून एकदा ते ध्वनिमुद्रण गावाकडच्या भरवशाच्या माणसाला पाठवा, कारण कोपी जळते, पावसात भिजते आणि मोबाईल हरवतो. जुनी वही सोबत नेऊ नका, ती गावी आई किंवा बहिणीकडे ठेवा आणि कुठल्या पेटीत ठेवली ते दोघांना माहीत असू द्या. हंगाम संपून परत आल्यावर पहिल्या पंधरवड्यात बसून सगळे कागदावर उतरवा. त्यानंतर पेरणीची कामे निघतात.